पिकअपच्या दारातून येणारा वारा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतून टॉवेल आणि चादरींच्या गाठी विजापूर, हैदराबाद आणि पुण्याकडे पोहोचवण्याचा व्यवसाय मी सतरा वर्षांपासून करतो. माझ्याकडे दोन पिकअप आहेत आणि त्यांपैकी एक मी स्वतः चालवतो. या गाडीच्या केबिनमध्ये वेग वाढला की एकाच वेळी घोंगावण्याचा आणि शिट्टीचा असा दुहेरी आवाज येत असे. तो कोठून येतो हे शोधण्यात माझे जवळजवळ एक वर्ष गेले, आणि अखेर जो दोष सापडला तो दूर करायला एक तासही लागला नाही. हा अनुभव मी सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्या ओळखीतले कितीतरी चालक हा आवाज म्हणजे मालवाहू गाडीचा स्वभावच असे समजून तो वर्षानुवर्षे सोसत आहेत, आणि ज्या गॅरेजांत आपण विश्वासाने गाडी नेतो तेथेही त्यांना बहुतेक वेळा तेच ऐकवले जाते.

माझ्या आधीच्या गाडीला एसी नव्हता. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की दोन्ही काचा पूर्ण खाली असत, आणि उघड्या काचेतून येणाऱ्या गदारोळात दाराच्या फटीची शिट्टी वेगळी अशी ऐकूच येत नसे. नवी गाडी एसीची घेतली, काचा वर गेल्या, आणि पहिले वर्षभर केबिनमध्ये खरोखरच शांतता होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप त्या वजनाच्या आत असल्याने त्यांना ही सक्ती लागू नाही, तरीही एसीच्या पिकअप आता बऱ्याच दिसू लागल्या आहेत. त्यामुळे बंद काचांआड वाऱ्याचा आवाज प्रथमच ऐकू येणारे चालक आता अनेक असणार आहेत.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आवाज सुरू झाला तेव्हा मी इतरांप्रमाणेच त्याकडे दुर्लक्ष केले आणि गाण्यांचा आवाज वाढवला. मोहोळच्या अलीकडे एका संध्याकाळी माझ्या मागे रुग्णवाहिका होती. तिचा भोंगा मला ऐकू आला नाही. आरशात तिचा फिरता दिवा दिसला तेव्हा कुठे मी गाडी डावीकडे घेतली. ती किती वेळ माझ्या मागे अडकून होती हे मला सांगता येणार नाही आणि ती गोष्ट आजही माझ्या मनातून गेलेली नाही. त्या दिवसापासून हा आवाज मला गैरसोय वाटेनासा झाला. तो गाडीतला दोष आहे आणि तो काढलाच पाहिजे, असे मी ठरवले.

त्यानंतर मी तीन ठिकाणी गाडी दाखवली. पहिल्या ठिकाणी चारही बाजूंनी दाराचे बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बदलून दिले; आवाज होता तसाच राहिला. दुसऱ्या ठिकाणी दारांचे आतले ट्रिम काढून पत्र्याला डॅम्पिंग शीट चिकटवले आणि त्याचे बरेच पैसे घेतले. पत्र्याचा थरथराट त्याने कमी झाला हे खरे, पण फटीतून आत शिरणाऱ्या वाऱ्याला पत्र्याच्या जाडीने काय फरक पडणार? तिसऱ्या ठिकाणी, जेथे सर्वांत जास्त अपेक्षेने गेलो होतो, तेथील माणसाने गाडीत न बसताच सांगितले की ही पिकअप आहे, कार नव्हे. या तिन्ही ठिकाणी एकानेही माझ्यासोबत महामार्गावर चक्कर मारली नाही. जो आवाज ताशी ६५ किलोमीटरनंतर सुरू होतो तो गॅरेजच्या बोळात उभ्या गाडीत कसा सापडेल, एवढा साधा प्रश्न तिघांनाही पडला नाही याचे मला वाईट वाटते.

माझे वडील शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारे कारागीर, होते. मागांच्या खडखडाटात चोवीस वर्षे उभे राहून त्यांचे कान गेले. अशा आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला होता, पण त्या काळी त्यांना ते सांगणारे कोणी नव्हते. केबिनमधला वारा मागांइतका मोठा नसतो हे मला मान्य आहे. तरी दिवसाचे आठ-दहा तास त्यात बसणाऱ्या माणसाचे डोके रात्री जड होते आणि समोरच्याचे बोलणे त्याला दुसऱ्यांदा विचारावे लागते, हे मी स्वतःवरून सांगतो. मी तिन्ही गॅरेजांची हकीकत सांगितली तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “एका वेळी एकच माग बंद करायचा असतो.” शेडमध्ये कोठेतरी विचित्र खट्‌खट ऐकू आली की ते एकेक माग थांबवत जायचे, ज्या मागाबरोबर आवाज थांबला, त्याच्यापाशी ते बसायचे. मी पुढे जे काही केले ते याच पद्धतीने केले.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज वाऱ्याचाच आहे का, हे ठरवणे. त्यासाठी एकच रस्ता, एकच वेग आणि शक्यतो पहाटेची वेळ धरावी लागते. मी सोरेगाव ओलांडल्यापासून वडकबाळच्या सीना नदीवरील पुलापर्यंतचा पट्टा निवडला. ताशी ७० किलोमीटरचा वेग कायम ठेवून पाचव्या गिअरमधून चौथ्यात आलो तर इंजिनाचा आवाज चढतो. शिट्टी मात्र तशीच राहिली, म्हणजे ती इंजिनाची नव्हती. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा आवाज बदलतो; शिट्टी त्यानेही बदलली नाही. वेग ६० वर आणला की ती विरायची आणि ७० ला परत यायची. अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने मला सांगितले की गाडीच्या अंगावरून घासून जाणाऱ्या वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण पाचव्या ते सहाव्या घाताने वाढते. म्हणजे ६० वरून ८० वर गेलो की ती चार ते साडेपाच पट होते. चौपदरी महामार्गावर मालवाहू गाड्यांची कमाल मर्यादा ताशी ८० असल्याने आपण रोज नेमके याच टप्प्यात चालतो.

दुसरा धागा मला वाऱ्याच्या दिशेने दिला, आणि या सगळ्या शोधातला तो सर्वांत महत्त्वाचा होता. यंदा जूनमध्ये पश्चिमेचा वारा जोरात सुटला तेव्हा विजापूरला जाताना शिट्टी असह्य होई आणि येताना जवळजवळ नाहीशी होई. विजापूर आपल्या दक्षिणेला आहे. म्हणजे जाताना वारा उजवीकडून, चालकाच्या बाजूने लागतो. म्हणून मी आठ दिवस चालकाचेच दार तपासत बसलो आणि त्यात काहीही सापडले नाही. मग क्लीनरला गाडीत गप्प बसवून नुसते ऐकायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला की आवाज त्याच्या कानाशी, म्हणजे डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात आहे. याचे कारण नंतर समजले. वारा ज्या बाजूने लागतो त्या बाजूचे दार तो आत दाबतो. उलट आडोशाच्या बाजूला, समोरच्या काचेच्या खांबाला वळसा घालून जाताना वारा भोवरा घेतो, तेथे दाब उतरतो आणि दाराची वरची चौकट बाहेर ओढली जाते. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ३० किलो भरतो, आणि बाहेरची ओढही त्याच प्रमाणात असते. जे दार उभ्या गाडीत घट्ट बसलेले दिसते ते धावत्या गाडीत केसभर उघडत असते.

तरीही मी लगेच दाराला हात लावला नाही, कारण शिट्टी आणि घोंगावणे ही दोन वेगळी दुखणी असावीत असे वाटत होते. गाडी घेतल्यानंतर आपण हौसेने आणि सोयीसाठी तिच्यावर जे जे चढवतो ते आधी उतरवले. समोरच्या काचेवर बसवलेला प्लास्टिकचा व्हायजर काढला आणि घोंगावणे निम्म्याने उतरले. टपावरचे कॅरियर, ज्यात आपण ताडपत्री आणि दोर ठेवतो, ते काढल्यावर उरलेला घुमणारा सूरही गेला. गोल पाइप, तार किंवा ताणलेला दोर यांच्यामागे वारा आलटूनपालटून भोवरे सोडतो आणि त्यांचा एक ठराविक सूर होतो. विन्सेन्स स्ट्रोहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये याचा नियम मांडला. त्या हिशोबाने कॅरियरचा २५ मिलिमीटरचा पाइप ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला सुमारे १८० कंपनांचा जाड सूर काढतो, तर ३ मिलिमीटरची एरियलची काडी सुमारे १५०० कंपनांची बारीक शिट्टी घालते. काही एरियलवर मळसूत्रासारखी तार गुंडाळलेली असते ती हे भोवरे मोडण्यासाठीच. कॅरियर मला धंद्यासाठी लागतेच, पण मी ते टपावर पुन्हा चढवले नाही. मागच्या हौद्याच्या पुढच्या जाळीआड, केबिनच्या उंचीच्या खाली ते बसवून घेतले. व्हायजर मात्र कायमचा उतरवला.

आता फक्त शिट्टी राहिली होती. रंगकाम करणारे वापरतात ती कागदी मास्किंग टेप शंभर रुपयांच्या आत मिळते. डाव्या दाराची संपूर्ण फट, आरशाचा त्रिकोण, काचेच्या कडा आणि समोरच्या काचेची डावी कड अशा सर्व जागा बाहेरून टेपने बंद करून मी तोच पट्टा त्याच वेगाने धावलो. शिट्टी नव्हती. मग वडकबाळला थांबून एका वेळी एकाच जागेची टेप काढत गेलो. समोरच्या काचेची काढली, शिट्टी नाही. आरशाची काढली, हलकी फुसफुस आली. दाराच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यातली वीतभर टेप काढली आणि शिट्टी पहिल्यासारखी परत आली. येथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. टेप एकाच बाजूच्या दाराला लावावी, म्हणजे प्रसंग पडला तर दुसऱ्या दाराने उतरता येते. आणि ती उन्हात दिवसभर ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हात तिचा डिंक रंगावर बसतो आणि मग रॉकेलच्या बोळ्याने घासत बसावे लागते.

जागा कळली, कारण कळायचे होते. त्यासाठी आपल्याच दैनिकाच्या जुन्या अंकाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. पट्टी बीडिंगवर ठेवायची, दार नेहमीसारखे लावायचे आणि पट्टी हळूच ओढायची. बीडिंग दाबले गेले असेल तर पट्टी अडत अडत येते. खालच्या अंगाला ती फाटून हातात आली, लॉकपाशी घट्ट होती, आणि त्या वरच्या कोपऱ्यात, सुमारे दीड वीत जागेत, पोथीतून पान निघावे तशी अलगद सुटली. खात्रीसाठी संध्याकाळी गाडी शेडमध्ये उभी करून, सर्व काचा बंद करून, ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर आणि पूर्ण जोरावर ठेवला आणि बाहेरून दाराच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवली. सगळीकडे धूर सरळ वर जात होता. त्या कोपऱ्यापाशी तो फुंकर मारल्यासारखा बाहेर ढकलला गेला.

क्लीनरला तेव्हा आठवले की गेल्या वर्षी मे महिन्यात एका गोदामाच्या ओट्याला उघडे दार घासले होते. पत्र्यावर ओरखडाही नव्हता, पण दाराची वरची चौकट जवळजवळ तीन मिलिमीटर बाहेर आली होती आणि खालचा कब्जा किंचित सैल झाला होता. नवे बीडिंग घालूनही काही उपयोग का झाला नाही हे तेव्हा उमगले. ते रबर चांगलेच होते, पण त्याच्यापर्यंत दारच पोहोचत नव्हते.

दुरुस्तीसाठी मी कुमठा नाक्याकडच्या एका वयस्कर डेंटरकडे, म्हणजे पत्र्याचे पोचे काढणाऱ्या कारागिराकडे, गेलो. त्याने आधी कब्जाचे बोल्ट आवळले. मग दाराच्या खालच्या अंगाला खांबाला टेकून चिंध्या गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरला आणि वरची चौकट दोन्ही हातांनी थोडी थोडी करून आत वाकवली. प्रत्येक वेळी तो दार लावून माझ्याकडे हात पुढे करी आणि मी त्याच्या हातात कागदाची नवी पट्टी देई. शेवटी लॉक ज्याला अडकते त्या स्ट्रायकरच्या भोवती पेन्सिलीने खूण करून, त्याचे स्क्रू सैल करून, तो दीड मिलिमीटर आत सरकवला आणि पुन्हा घट्ट केला. पट्टी आता चारही बाजूंना सारखी अडू लागली. पाइपने वरून पाणी सोडून पाहिले, थेंबही आत आला नाही. पन्नास मिनिटे लागली. त्याने जे पैसे मागितले ते डॅम्पिंग शीटच्या बिलाच्या दहाव्या हिश्शाहून कमी होते. मी ते मुद्दाम जास्त दिले.

काही चुका मी स्वतः केल्या आहेत, त्या इतरांनी करू नयेत. जाड बीडिंग घातले की फट बुजेल असे वाटते, पण मग दार आपटून लावावे लागते, लॉक आणि कब्जावर ताण येतो, आणि एका जागी दाबलेले दार दुसऱ्या जागी उचलले जाते. दाराच्या रबरावर चकाकीसाठी डिझेल किंवा ऑइलचा बोळा फिरवण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते आणि पेट्रोलियम पदार्थांनी ते फुगते, मऊ पडते आणि त्याची उसळी जाते. साध्या पाण्याने पुसून सिलिकॉनचा हलका हात देणे पुरेसे आहे. दाराच्या तळाला जी लहान भोके असतात ती काहीजण आवाजाच्या भीतीने पुटी लावून बंद करतात. काचेच्या कडेने आत उतरणारे पावसाचे पाणी त्यांतूनच बाहेर जाते. ती बंद केली की दार आतून गंजते. समोरची काच खडा लागून बदलली असेल तर तिच्या कडेचा चिकट थर सलग भरला आहे का हेही याच टेपने पाहता येते.

मला आता माझ्या गावातील गॅरेजवाल्यांना आणि वाहतूक व्यावसायिकांना कळकळीने विनंती करायची आहे. वाऱ्याच्या आवाजाची तक्रार घेऊन कोणी आला तर त्याच्या शेजारी बसून पंधरा मिनिटे महामार्गावर जा. ग्राहक त्या पंधरा मिनिटांचे पैसे आनंदाने देईल. मी तरी दिले असते. बीडिंग विकण्याआधी कागदाची पट्टी ओढून दाखवा. आपल्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक आणि पत्राकामाचे शिक्षण घेणारी मुले उद्या याच गॅरेजांत उभी राहणार आहेत. त्यांच्या प्रात्यक्षिकांत दाराचे बसणे तपासण्याचा, टेप आणि उदबत्तीने फट शोधण्याचा एक दिवस असावा, असे मी संस्थेच्या शिक्षकांना सुचवू इच्छितो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, आणि सरावासाठी वाकलेल्या दाराची जुनी पिकअप आपल्या शहरात कोणत्याही चौकात मिळेल. पगारावर गाडी चालवणाऱ्यांना तर मालकाकडे अशी तक्रार करण्याचा संकोच वाटतो. माझ्या दुसऱ्या गाडीच्या चालकाने दोन वर्षे एक शब्द काढला नव्हता. मी विचारल्यावर त्याने लगेच उजव्या दाराचा मागचा कोपरा बोटाने दाखवला. मालकांनी स्वतः एकदा ती गाडी चालवून यावे.

माझ्या गाडीत आरशाची ती हलकी फुसफुस अजून आहे. आरसा मोठा आहे, मागे गाठी भरल्यावर तो तसा असावाच लागतो, आणि त्याच्याभोवती वारा फाटणारच. ती मी तशीच ठेवली आहे. गेल्या आठवड्यात वडिलांना शेजारी बसवून तुळजापूरला गेलो. हिप्परगा तलावाच्या पुढे ते काहीतरी बोलले आणि मी त्यांना उत्तर दिले, तेव्हा गाडी ७५ वर होती. दुसऱ्या गाडीचा उजवा दरवाजा येत्या रविवारी त्याच डेंटरकडे न्यायचा आहे. कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत.

आपला विश्वासू,
एक वाहतूक व्यावसायिक, सोलापूर